पुशबॅक आणि पोट्टे

सहलीचा छापील कार्यक्रम वाचला की एक गोष्ट चटकन लक्षात येते : तो लिहिणाऱ्याने लहान मूल घेऊन कधी प्रवास केलेला नाही. ‘पहाटे ५.३० नागपूरहून प्रस्थान. ७.०० जामसावळी येथे मारुतीचे दर्शन. ८.३० छिंदवाडा येथे नाश्ता. नंतर तामिया येथे निसर्गदर्शन. दुपारी १.०० पचमढी आगमन, भोजन व विश्रांती.’ या पत्रकात ‘५.५० मानकापूर, एकाला शू’ असं कुठंही लिहिलेलं नसतं. ‘५.५८ कोराडी, मानकापूरला ज्यांना आली नव्हती त्या सगळ्यांना शू’ असंही नसतं. आणि भोजनानंतर जी विश्रांती छापलेली असते, ती सगळ्या बसमध्ये एकटा ड्रायव्हर घेतो.

नागपूरच्या माणसाला दिवाळीच्या सुटीत पोट्टे घेऊन दोन-तीन दिवस कुठं जायचं असलं तर पर्याय ठरलेले आहेत. चिखलदरा, पेंच, ताडोबा, नाहीतर पचमढी. त्यातही पचमढीवर आपला जुना हक्क आहे असं इथल्या प्रत्येक कुटुंबाला वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली, आणि पुढं उन्हाळा लागला की अख्खं सरकार पचमढीला चढून बसायचं. नागपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे तो त्या साहेबांना दोष देणार नाही. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात आलं, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. ही वाटणी नागपूरकराने मनावर घेतलेली नाही. तो आजही ‘आपल्या पचमढीला’ जातो, तिथल्या दुकानदाराशी मराठीत भाव करतो आणि चहाचा पहिला घोट घेऊन ‘आपल्याकडच्यासारखा नाही’ असा शेरा मारतो.

अशा सामुदायिक सहलींचा मूळपुरुष थॉमस कुक. हा इंग्लंडातला सुतारकाम करणारा, धर्मप्रचार करणारा माणूस. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडीने दारूबंदीवाल्यांची सहल नेली, माणशी एक शिलिंग. अंतर किती, तर आपल्याकडच्या सीताबर्डी-कामठीपेक्षा थोडं जास्त. पुढच्या उन्हाळ्यांत तो रविवारच्या शाळांतल्या मुलांनाही सहलीला घेऊन जाऊ लागला. मुलांना नेऊनसुद्धा त्याने हा धंदा सोडला नाही, उलट जगभर वाढवला, यावरून त्याच्या जिद्दीची कल्पना यावी. मराठी माणसाला या प्रकाराची गोडी मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी लावली. स्वित्झर्लंडमध्ये वरण-भात, पॅरिसमध्ये भजी आणि सोबत मराठीत रागावणारा टूर मॅनेजर, एवढी सोय झाल्यावर परदेशाबद्दल कुणाची तक्रार उरली नाही. तोच कित्ता मग गल्लोगल्लीच्या छोट्या सहलवाल्यांनी गिरवला. एक टू बाय टू पुशबॅक बस, एक महाराज, दोन गॅस सिलिंडर, एक माईक. महाराज म्हणजे आचारी; नागपुरात स्वयंपाक करणाऱ्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर तो वळून बघत नाही.

बस सुटण्याच्या जागी पहाटे येणाऱ्या कुटुंबांचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत आधी सेवानिवृत्त जोडपी, कारण ती चारपासून उठूनच बसलेली असतात. मग मुलंवाली. एक पोट्टं खांद्यावर, एक हाताला, हाताला असलेल्याच्या पायात एकच चप्पल. ‘काऊन बे, दुसरी कुठी टाकली?’ ‘ऑटोत.’ ऑटो तोवर वळून गेलेला. सर्वांत शेवटी येतात ज्यांना मुलंबाळं नाहीत ते. ते साडेपाच वाजून गेल्यावर हसत हसत येतात आणि ‘आम्ही केव्हाचे तयार होतो’ असं सांगतात. मग चाकाखाली लिंबू, समोर नारळ, बाप्पा मोरया. खांद्यावर झोपलेलं पोट्टं या गजरानं जागं होतं आणि त्यानंतर रात्री दहापर्यंत झोपत नाही.

मुलांच्या तिकिटाचं गणित वेगळं. एसटीचं सरळ असतं : पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्धं. सहलवाल्याकडे ‘बेडसह’, ‘बेडशिवाय’, ‘सीटशिवाय’ असे प्रकार असतात. बेडशिवाय मूल म्हणजे रात्री आईबापांच्या मध्ये आडवं झोपणारं मूल. पैसे निम्मे, पलंगाची जागा पाऊण. सीटशिवाय मूल म्हणजे मांडीवर बसणारं, आणि ते मांडीवर बसत नाही. ते दोन सीटांमधल्या वाटेत उभं राहतं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमचं नाव काय?’ विचारतं, आणि छिंदवाडा यायच्या आत बसमध्ये कुणाचे पगार किती, कुणाच्या सुनेशी कुणाचं जमत नाही, ही सगळी माहिती फुकटात गोळा करून आईला मोठ्यानं सांगतं.

पुशबॅक सीट ज्याने काढली त्यानं मागं पोट्टं बसू शकतं हे धरलेलं नव्हतं. पुढचे काका बटण दाबून रेलतात. मागच्या पोट्ट्याचे पाय नेमके तेवढेच लांब असतात. पाय हलवायची त्याला हौस नसते, पाय आपोआप हलतात. सात वर्षांच्या मुलाचे पाय झोपेतसुद्धा कुठंतरी निघालेले असतात. काकांच्या कमरेत दाणकन बसते. ते मागं वळून बघतात. आई म्हणते, ‘बेटा, काकांना लागते नं.’ दोन मिनिटं शांतता. पुन्हा दाणकन. काका आता मागं बघत नाहीत, वर बघतात. सौंसर येईपर्यंत ते सीट सरळ करून ताठ बसलेले असतात. हाडांच्या डॉक्टरांना जे वर्षानुवर्षं सांगून जमलं नाही ते सत्तर किलोमीटरांत होतं.

खरं राजकारण जागांवरून. सहलवाले आता रोज जागा बदलतात, आज पहिल्या रांगेत असलेला उद्या मागं, म्हणजे कुरकुर नको. कुरकुर होतेच. शेवटची सीट कुणालाच नको असते, कारण ती मागच्या चाकांच्याही मागं लोंबकळते आणि रस्त्यातला खड्डा तिथं दुप्पट लागतो. आजीबाईंना मणक्यांची चिंता, काकूंना गुडघ्यांची. पोट्ट्यांना मात्र तीच सीट पाहिजे, नेमकी त्याच खड्ड्यांसाठी. म्हणून सावनेर येतं न येतं तोच छापील जागावाटप कोसळलेलं असतं. सगळी पोट्टी मागं, सगळे म्हातारे पुढं, आणि मधल्या रांगांत तरुण आईबाप डोळे मिटून पडलेले. त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता दिसते ती पुढं जामसावळीच्या मारुतीपुढंही दिसत नाही. माझं तर मत असं आहे की कंपन्यांनी सहलीच्या जाहिरातीत धबधबा छापूच नये. बापाच्या मांडीवर कुणी नाही आणि बाप झोपलेला आहे, एवढा फोटो छापावा, बुकिंग फुल्ल.

घाट लागला की मात्र ही घडी विस्कटते. रामाकोन्याच्या पुढं सिलेवानीचा घाट, मग तामियाकडून मटकुलीपर्यंत वळणं, आणि मटकुलीहून वर पचमढीपर्यंत पुन्हा वळणं. गाडी लागण्याचं शास्त्र सोपं आहे. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण डावी-उजवीकडे हेलकावे खातोय. मोबाईलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात की काहीच हलत नाही. मेंदूला कुणाचं ऐकावं कळत नाही आणि तो निकाल पोटावर सोपवतो. दोन वर्षांखालच्या पोरांना हा त्रास सहसा होत नाही, दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त होतो. म्हणजे अर्ध्या तिकिटाचा सगळा वयोगट यात आला. उपायही साधा आहे : पुढच्या सीटवर बसावं, समोर लांब रस्त्याकडं बघावं, मोबाईल बंद. पण पुढच्या सीटवर आजी. आजींनी बुकिंगच्या वेळीच ‘पहिली सीट देत असाल तर येते’ अशी अट घातलेली.

मग घरगुती औषधं निघतात. ओवा, लिंबू, आल्याची वडी, आवळा सुपारी. कुणीतरी जाणकार सांगतो की बुडाखाली पेपर घालून बसवा, ओकारी येत नाही. या उपायावर विदर्भात प्रचंड श्रद्धा आहे. एकाला लोकमतवर बसवलं, एकाला हितवादवर, दोघेही ओकले. या बाबतीत आपली वृत्तपत्रं पूर्णपणे निःपक्षपाती आहेत. शेवटी कुणाची तरी आई पोट्ट्याला उचलून पुढं आणते, आजींच्या शेजारी उभं करते, पिशवी उघडून धरते, आणि आजी कुणीही न सांगता पहिली सीट सोडून सहाव्या रांगेत जाऊन बसतात. पाऊण तासाच्या विनवणीनं जे झालं नाही ते एका ‘व्वॅक्’नं.

थांबण्याचा प्रश्न त्याहून नाजूक. युरोपात नियमच आहे की साडेचार तास बस चालवली की चालकानं ४५ मिनिटं थांबलंच पाहिजे, आणि एका दिवसात साधारण नऊ तासांपेक्षा जास्त चालवायची नाही. गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्याकडे ही व्यवस्था चार वर्षांच्या पोट्ट्याकडं सोपवलेली आहे, आणि ते साडेचार तास वाट बघत नाही. ‘आई, शू.’ ड्रायव्हर म्हणतो, पाच मिनिटांत ढाबा येते. पाच मिनिटांत ढाबा येत नाही. आई पाण्याच्या रिकाम्या बाटलीकडं बघते. बाप दुसरीकडं बघतो. मग बस शेताच्या कडेला थांबते. एकटं पोट्टं उतरायचं असतं, उतरतात अठरा जण. त्यातले सहा सिगारेटवाले, दोन मोबाईलवर ‘आता रेंज आहे, बोल’ म्हणणारे. उतरलेलं पोट्टं शेतातला ट्रॅक्टर बघत उभं राहतं आणि मग सांगतं, ‘आता नाही आली.’

या बाबतीत समृद्धी महामार्ग फारच वाईट, असं मुलं घेऊन शिर्डीला जाऊन आलेले सगळेच सांगतात. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये पुढं मुंबईच्या अलीकडे ठाणे जिल्ह्यापर्यंतचा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मोठ्यांचे तास वाचले. पण सुरुवातीच्या काळात थांबायला धड जागा नव्हत्या आणि सरळ रस्त्यावर बघायला काही नाही. घाटात पोट्टं ओकतं तरी, समृद्धीवर ते दर सात मिनिटांनी विचारतं, ‘आलं का?’

सौंसरच्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. मॅनेजरदादा माईकवर सांगतो, ‘डावीकडे बघा, संत्रा बाग, उजवीकडे पण बघा.’ नागपूरची पोट्टी संत्र्यासाठी मान वळवत नाहीत. त्यांच्या घरी ट्रे आलेला असतो, आणि बसमध्ये प्रत्येक काकूंच्या पिशवीत डझन-डझन आहेत. संत्र्याचा एकच उपयोग मागच्या सीटवर मान्य आहे : साल दाबून शेजारच्याच्या डोळ्यात फवारा. मोठी माणसं त्याच वेळी तिखट पुऱ्या, चिवडा, शंकरपाळे काढून ‘आमच्याकडचं खाऊन बघा नं’ सुरू करतात. सहलवाल्यानं नाश्त्याचे पैसे घेतलेले असताना घरून इतकं का आणतात, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. छिंदवाड्याला पोहे येतात तेव्हा कुणालाच भूक नसते, तरी तर्री कमी आहे म्हणून सगळे नाराज होतात.

जामसावळीचा मारुती आडवा पहुडलेला आहे, हे त्याचं वैशिष्ट्य. लांबून लोक येतात. आम्ही गेलो त्या सहलीत मॅनेजरनं माईकवरून ‘निद्रिस्त हनुमान’ असं भारदस्त वर्णन केलं. आमच्या घरचं पोट्टं रांगेत उभं राहून बराच वेळ मूर्तीकडं पाहत राहिलं. सगळ्यांना वाटलं भक्तिभाव जागा झाला. मग ते म्हणालं, ‘हा झोपूनच आहे, तर आम्हाला कायले उठवलं?’ पुजारीबुवांनाही हसू आवरलं नाही.

तामियाला दरी अप्रतिम आहे. पाताळकोट त्याच बाजूला. डोंगरांच्या कड्यांनी वेढलेल्या त्या खोल खोऱ्यात भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत, हे ऐकून मोठी माणसं कठड्यावर गप्प उभी राहतात. पोट्ट्यांची पाठ दरीकडं होती. रस्त्याच्या कामावर एक जेसीबी उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर जेवत होता. ‘चालू कर नं काका, एकदा चालू कर’ अशा विनवण्या चालल्या होत्या. शेवटी त्या भल्या माणसानं डबा बाजूला ठेवून सोंडेचा पंजा वर-खाली करून दाखवला. त्या सहलीतली सर्वांत मोठी टाळी तिथं पडली.

तेव्हाच मला या सहलींचं गणित उमगायला लागलं होतं. मोठ्यांच्या लेखी बस म्हणजे दोन ठिकाणांमधली वाट. पोट्ट्यांच्या लेखी ठिकाण म्हणजे बस थांबल्यामुळं आलेला व्यत्यय. ते पचमढी बघायला निघालेलेच नसतात, ते बस बघायला निघालेले असतात. त्यांना पाहिजे असतो तो माईक, शेवटची सीट, वरची सामान ठेवायची जाळी जिथं चढू नको म्हटलेलं आहे, आणि आपल्याएवढी दहा-बारा पोट्टी जी पळून जाऊ शकत नाहीत. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या एकुलत्या एका पोराला अशी टोळी एरवी मिळत कुठं? शाळेत बाई असतात, क्लासमध्ये सर असतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरी असतात. बसच्या शेवटच्या दोन रांगांत कुणीच नसतं. त्यात घाटात मोबाईलची रेंज जाते, आणि रेंज गेली की पोट्ट्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात.

या टोळीचा कारभार किती पक्का असतो ते मटकुलीला कळलं. चहासाठी थांबलो होतो. निघताना मॅनेजरनं नेहमीप्रमाणं डोकी मोजली आणि एक जास्त भरलं. कमी भरणं समजू शकतं, जास्त कसं? पुन्हा मोजलं, तरी एक जास्तच. बघतो तर चहावाल्याचा पोरगा शेवटच्या सीटवर मधोमध बसून चिवडा खात होता. आमच्या पोट्ट्यांनी त्याला ‘आपल्यातला’ म्हणून जाहीर करून टाकलं होतं, खिडकीही देऊ केली होती, आणि पचमढीच्या धूपगडला कोण कोणाशेजारी बसणार यातही त्याचं नाव आलं होतं. त्याला खाली उतरवताना जेवढी रडारड झाली तेवढी कन्यापाठवणीतही होत नाही.

माईकचं सांगायचं राहिलं. माईक मॅनेजरच्या हातात असतो तोवर अंताक्षरी आणि हाऊजी. अंताक्षरीत काका-काकू १९७५ च्या पुढं यायला तयार नसतात, ‘ह’ आला की बस दोन तट पडून भांडते, आणि कुणाची तरी सून उत्तम गाते हे तिच्या सासूला पहिल्यांदा कळतं. पण तासाभरात मॅनेजरचा घसा बसतो आणि तो चूक करतो : ‘आता आपले बालगोपाळ काही म्हणून दाखवतील.’ पहिलं पोट्टं कविता म्हणतं. दुसरं तीच कविता म्हणतं. तिसरं माईक हातात आला की फक्त श्वास घेतं, कारण स्पीकरमधून आपला श्वास ऐकू येतो हा शोध त्याला नुकताच लागलेला असतो. त्यानंतर पचमढीच्या नाक्यापर्यंत माईक परत मिळत नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकात ‘लहान मुलांसाठी विशेष कार्यक्रम’ असं छापतात. त्यात फुगे फोडणे, लिंबू-चमचा वगैरे असतं. मुलं सौजन्य म्हणून त्यात भाग घेतात.

पचमढीला पोचल्यावर बसची सद्दी संपते. धबधब्यांकडं, जंगलाकडं मोठी गाडी जात नाही. बायसन लॉजपाशी, म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथनं १८६२ मध्ये बांधलेल्या आणि आता संग्रहालय असलेल्या वास्तूपाशी, वनखात्याचं प्रवेशपत्र काढायचं आणि जिप्सीत बसायचं, एकीत सहा. मॅनेजरकडं कुटुंबवार यादी तयार होती. पोट्ट्यांकडं दुसरीच यादी तयार होती. त्यांनी आईबापांशिवाय दोन जिप्सी भरून टाकल्या आणि दारं आतून धरून ठेवली. आयांनी जरा आरडाओरडा केला, मग एका अनुभवी काकूंनी तोडगा काढला : ‘सहा मोजा अन् चाला. कोणाचे कोणते, ते खाली उतरल्यावर पाहू.’ बी फॉलच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक बाई कुणाच्या तरी पोट्ट्याचा हात धरून चालली होती, आणि कुणालाच आपलं पोट्टं कुठं आहे याची काळजी नव्हती. कारण ते नक्की कुणाच्या तरी हातात होतं.

पांडव लेण्यांत गाईड सांगतो की वनवासात पांडव इथं राहिले; जाणकार सांगतात की ही बौद्ध भिक्षूंची लेणी. हवेशीर खोली द्रौपदीची, अंधारी कोठडी भीमाची, असं गाईडनं दाखवलं. एका पोट्टीनं विचारलं, ‘अन् यांचं बाथरूम कुठाय?’ गाईडकडं या प्रश्नाला उत्तर नव्हतं. जटाशंकरला माकडानं एका काकांच्या हातातली प्रसादाची पुडी नेली, हे मात्र पोट्ट्यांनी अत्यंत तपशिलानं पाहिलं. संध्याकाळी धूपगड. १३५२ मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच टोक. मोठी माणसं पश्चिमेकडं तोंड करून मोबाईल वर धरून उभी. पोट्टी मागं जिप्सीवाल्यांच्या सोबत लंगूर मोजत होती. ‘अरे, सूर्य बुडून राहिला, बघ नं!’ असं बापानं ओरडून सांगितल्यावर एकानं मान वळवून पाहिलं, ‘हौ’ म्हटलं आणि पुन्हा लंगुरांकडं वळला.

हॉटेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिफ्ट असली तर मुलं लिफ्टमध्ये राहतात, नसली तर जिन्यात. जादा गादी टाकून देतात ती सगळ्यांत पातळ असते आणि त्यावर बाप झोपतो.

या सगळ्यात ज्यांना मुलं नाहीत त्या जोडप्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी शांततेसाठी पैसे भरलेले असतात. पहिल्या दिवशी ते कानात इअरफोन घालून बसतात, दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी पोट्टं त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच मोबाईलवर गेम खेळत असतं. तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर ते जोडपं मागच्या सीटवर उनो खेळत होतं आणि हरल्यावर पोट्ट्यांशी भांडत होतं. सेवानिवृत्त मंडळींची तक्रार वेगळी. त्यांना पोट्ट्यांचा गोंगाट चालतो, पण आपली नातवंडं बंगळूरला, नाहीतर अमेरिकेत, आणि हा गोंगाट दुसऱ्याच्या नातवंडांचा, ही खंत ते पुऱ्या वाटत वाटत काढतात. त्यांच्या पुऱ्या सगळ्यांत चांगल्या असतात.

परतीच्या वाटेवर सावनेर मागं पडलं की मॅनेजर अभिप्रायाचे कागद वाटतो. जेवण, निवास, बस, मॅनेजरची वागणूक, प्रत्येकापुढं ‘उत्तम, बरे, सुधारणा हवी’. मुलांना कुणी कागद देत नाही, म्हणून ती मोठ्यांच्या कागदावर चित्रं काढतात. एका काकांच्या कागदावर ‘सुधारणा हवी’ याच्यासमोर जेसीबी काढलेला निघाला. मग उतरण्याचा घोळ. बस सीताबर्डीला सोडणार असं ठरलेलं असतं, पण कुणाला मानकापूर चौकात, कुणाला छावणीत, कुणाला ‘सदरच्या त्या मेडिकलसमोर जरा’. प्रत्येक ठिकाणी सामान काढायला क्लीनर डिक्की उघडतो, प्रत्येक ठिकाणी दोन पोट्टी एकमेकांना मिठी मारून सोडत नाहीत, प्रत्येक ठिकाणी त्यांच्या आया एकमेकींचे नंबर घेतात. ग्रुप तर पहिल्याच दिवशी झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ग्रुपवर मॅनेजरनं फोटो टाकला : ‘बस साफ करताना मिळालेल्या वस्तू. ओळख पटवून घेऊन जाव्यात.’ एक निळी पाण्याची बाटली, एक मंकी कॅप, उनोचे तीन पत्ते, एक डाव्या पायाची चप्पल आणि अर्धा चावलेला आवळा. आवळ्याखाली एकोणीस जणांनी हसरे चेहरे टाकले. निळी बाटली तिघींनी आपली म्हणून सांगितली आणि दुपारपर्यंत त्यावर पस्तीस संदेश झाले. मग एकीनं आवाजातला मेसेज पाठवला, त्यात मागं तिचं पोट्टं ओरडत होतं, ‘ती त्याची आहे, चहावाल्याच्या पोराची, आम्ही बदलली होती!’